उरलेले पैसे काम पसंत पडल्यावर

नणंदेने आजवर तिला खूप काही म्हटलं होतं. हट्टी म्हटलं होतं, हिशेबी म्हटलं होतं, एकदा तर भरल्या घरात पाहुण्यांसमोर "ही आमच्याकडची फूटपट्टी" अशी ओळख करून दिली होती. पण गेल्या चार महिन्यांत 'पसंत आहे' एवढे दोन शब्द काही नणंदेच्या तोंडून चुकूनही निघाले नव्हते. आणि नेमके तेच ऐकायला चित्रवालीचे कान आसुसले होते, कारण करारात तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं: उरलेली रक्कम काम पसंत पडल्यावर.

तिला चित्रवाली म्हणत ते तिच्या कामावरून. यंत्र विकत घेतलं की खोक्यातून घडी घातलेलं एक पान निघतं, चार नंबरचा स्क्रू सात नंबरच्या भोकात घाला असं सांगणारं. कोणी वाचत नाही ते पान. सगळं जोडून झाल्यावर हातात दोन स्क्रू जास्तीचे उरले की मग माणूस ते कचऱ्यातून शोधून काढतो, आणि तेव्हा त्याच्यासमोर जे चित्र येतं ते हिने काढलेलं असतं. सोळा वर्षं तिने एका छापखान्यात हे काम पगारावर केलं आणि पाच महिन्यांपूर्वी नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं. शिवणवालीच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली, टेबल टाकलं, दारावर पाटी लावली. पहिलं मोठं काम आलं ते नणंदेचं.

नणंदेचा पलंगांचा कारखाना होता. घरात आजारी माणूस असलं की लागतात तसे, पाठ वर होणारे, पाय वर होणारे लोखंडी पलंग. कारखाना शून्यातून उभा केला, हे ती स्वतःच सांगायची, आणि ते खरंही होतं. त्याच कारखान्यात चित्रवालीचा नवरा, म्हणजे नणंदेचा धाकटा भाऊ, पॅकिंग सांभाळायचा. चव्वेचाळीस वर्षांचा, कानशिलं पिकलेला, पण कारखान्यात त्याला अजून सगळे छोट्याच म्हणायचे, कारण मॅडम म्हणायच्या.

करार सरळ होता. एक हिस्सा सुरुवातीला, एक पहिलं चित्र दाखवल्यावर, तिसरा पसंतीनंतर. या ओळी तिने रंगाऱ्याच्या कागदावरून उतरवल्या होत्या. खोलीला रंग दिला तेव्हा त्याने असाच कागद करून घेतला होता आणि तिला तो फार आवडला होता. भिंत समोर उभी असते, डोळ्यांना दिसते, पसंत आहे म्हणायला कितीसा वेळ लागतो? पानाचं तसं नसतं, हे कळायला तिला सात फेऱ्या लागल्या.

पहिल्या फेरीला नणंद म्हणाली, "छान आहे गं, पण पलंग जरा दमल्यासारखा दिसतो." दुसऱ्या फेरीला नट मोठे हवे होते. तिसऱ्या फेरीला चित्रातली आजारी बाई नको, बाप्या हवा. चौथ्या फेरीला बाप्याही नको, "तो फारच आजारी दिसतोय, गिऱ्हाईक घाबरेल." पाचव्या फेरीला नुसताच पलंग, पण तो ओका ओका वाटला. सहाव्या फेरीला, "ती आधीची बाई होती ना, ती काय वाईट होती?" सातव्या वेळी कारखान्याने पलंगाला एक नवा लाल खटका बसवला, वर केलेली पाठ जागच्या जागी अडकवण्यासाठी. तेव्हा निरोप आला की तो खटका दाखव, आणि सगळं चित्र पायथ्याकडून न काढता उशाकडून काढ. खटक्याचा फोटो नवऱ्याने मोबाइलवर पाठवला. तिने चार दिवस मान मोडून चित्र उशाकडून नव्याने काढलं आणि सोबत लिहिलं, 'फक्त कोन बघा. खटक्याचा बाण तात्पुरता आहे, पलंग प्रत्यक्ष पाहून लावायचा आहे.'

उत्तर आलं, "बघते आणि सांगते." त्याला आता सहा आठवडे झाले होते.

मधल्या काळात एका महिन्याचं भाडं थकलं. छापखान्याचे जुने साहेब भला माणूस. त्यांचा फोन आला. "तुमची खुर्ची रिकामी ठेवलीय. सोमवारी सकाळी येऊन बसा, कोणी काही विचारणार नाही. नाही आलात तर मात्र मला दुसरं माणूस घ्यावं लागेल." चांगल्या मनाने केलेला फोन होता, तरी तो ठेवल्यावर ती हिशेबाची वही घेऊन बसली. नणंदेकडचा शेवटचा हिस्सा मिळाला तर थकलेलं भाडं चुकवून पुढचे अडीच महिने खोली राखता येत होती. नाही मिळाला तर सोमवार.

हे सगळं शिवणवालीने तुकड्यातुकड्याने ऐकलेलं होतं. शुक्रवारी दुपारी ती वर आली, मनगटावरची टाचण्यांची गादी सोडवून टेबलावर ठेवली आणि जुना करार वाचायला घेतला. वाचून इतकी हसली की तिला ठसका लागला.

"अगं, पैसे कधी द्यायचे ते त्यांच्याच जिभेवर ठेवलंस की! मी असं केलं असतं तर एका बाईने जन्मात 'बसला अंगाला' म्हटलं नसतं."

"मग तू काय करतेस?"

"दोनदा घालून बघायचं. तिसऱ्यांदा सोडा-आवळा म्हणालात तर वेगळे पैसे. आणि घालून बघायला देते तो कच्च्या टाक्याचा. पांढरे धागे लोंबत असतात, तो घालून कोणी रस्त्यावर जात नाही. तू काय दिलंस बघायला?"

"चित्र."

"कच्चं?"

चित्रवालीने नकारार्थी मान हलवली. दर फेरीला ती थेट छपाईला जाईल इतकं स्वच्छ, पक्कं चित्र पाठवत आली होती. छापखान्यातली सवय. साहेबांच्या टेबलावर अर्धवट काही ठेवायचं नसतं.

"म्हणजे बटणं लावून, इस्त्री करून कोट हातात दिलास, आणि वर म्हणालीस, आवडला तर पैसे द्या. आता त्या तो घालून गावभर हिंडत असतील."

"ताई तशा नाहीत गं."

"बरं," शिवणवाली म्हणाली, आणि या 'बरं'मध्ये तिने जे काही भरलं होतं ते चित्रवालीला दिवसभर पुरलं.

दोघींनी मिळून नवा करार लिहिला. निम्मे पैसे काम सुरू करण्याआधी. बदलांच्या फेऱ्या दोन, तिसरीचा दर वेगळा आणि तो आकड्यात. चित्र दाखवल्यापासून सात दिवसांत काही कळवलं नाही तर काम स्वीकारलं असं धरायचं. चित्र कुठेही वापरलं, छापलं, चिकटवलं, तर ते त्याच दिवशी स्वीकारलं. आणि पक्की प्रत पूर्ण पैसे आल्यावर, तोवर फिकट प्रत, मधोमध 'फक्त पाहण्यासाठी' असा तिरका शिक्का मारलेली. तो शिक्का शिवणवालीचा हट्ट होता. "तुझे पांढरे धागे," ती म्हणाली.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. आवाजात साखर होती, म्हणजे काहीतरी काम होतं.

"उद्या सकाळी ये गं कारखान्यात. चाकाची खुर्ची काढतोय नवीन, तिचं पान करायचंय. आणि ते आधीचंही बघून टाकू एकदाचं."

फोन चालू असताना नवरा उठला आणि कधी नव्हे तो भांडी पुसायला लागला. चित्रवालीच्या ते लक्षात आलं, पण तिने त्याचा अर्थ लावला नाही.

"तिच्याशी जरा गोडीने बोल," तो एका कोरड्या ताटलीला पुन्हा पुसत म्हणाला.

"मी नेहमीच गोडीने बोलते," ती म्हणाली, आणि नव्या कराराच्या दोन प्रतींवर 'चाकाची खुर्ची' असं लिहून त्या पिशवीत घातल्या.

शनिवारी ती अकराला पोचली तेव्हा नणंद काचेच्या केबिनमध्ये फोनवर कोणाला तरी झापत होती. तिने आतूनच हाताने 'थांब' अशी खूण केली. चित्रवाली पॅकिंगच्या दालनात थांबली. दालन खोक्यांनी भरून गेलं होतं, छातीइतक्या उंचीच्या रांगाच्या रांगा, आणि दारात ट्रक लागला होता. एका रुग्णालयाची दोनशे चाळीस पलंगांची ऑर्डर चार वाजता निघायची होती. शेवटच्या खोक्याचं तोंड अजून उघडं होतं. लोखंडी नळ्यांवर, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी घातलेलं एक पान ठेवलेलं होतं.

पिशवीतूनच तिला पानावरचा हात ओळखू आला. खटका धरलेला, अंगठा जरा वाकडा. तिने स्वतःचाच अंगठा समोर धरून काढला होता तो.

तिने पान उघडलं. गुळगुळीत कागद, चार रंग, खाली कारखान्याचं नाव. सातव्या फेरीचं चित्र, जसंच्या तसं.

मागून नवरा आला, हातात चिकटपट्टीचं यंत्र. तिच्या हातातलं पान बघून तो जागीच उभा राहिला.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"ते... छापून आले तेव्हापासून."

"छापून कधी आले?"

त्याने छताकडे बघितलं. "सहा आठवडे झाले असतील."

"सहा आठवडे तू हे स्वतःच्या हाताने खोक्यात भरतोयस. आणि घरी येऊन माझ्या शेजारी बसून, 'ताई बघेल गं, कामात असेल' म्हणतोयस."

"हळू बोल ना. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"कसं माहीत असेल? कोणी सांगितलं असेल?"

"तू विचारलं नाहीस मला कधी," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्यालाच कळलं की हे बोलायला नको होतं.

ती आणखी काही बोलणार होती. बरंच साठलं होतं. पण तिची नजर पानाकडे गेली आणि सहावी पायरी दिसली. 'लाल खटका बाणाच्या दिशेने ओढून पाठ अडकवा.' चित्र उशाकडून, बाण डावीकडे. तो बाण तिने नवऱ्याच्या फोटोवरून तात्पुरता ठेवला होता.

"तो खटक्याचा फोटो तू कुठे उभा राहून काढला होतास?"

"पायथ्याशी. का?"

ती दालनाच्या कोपऱ्यात जोडून ठेवलेल्या नमुन्याच्या पलंगाकडे गेली. आधी पायथ्याशी उभी राहिली, मग उशाशी. पायथ्याकडून खटका डावीकडे ओढला की पाठ अडकत होती. उशाकडून तेच डावं उजवं होत होतं. म्हणजे हे पान पाहून जो कोणी उशाशी उभा राहून डावीकडे ओढेल, तो पाठ अडकवणार नव्हता. सोडणार होता.

तिने जाऊन केबिनच्या काचेवर टकटक केलं. नणंदेने पुन्हा 'थांब' केलं. तिने दार उघडलं.

"ताई, गाडी थांबवा."

"हा काय प्रकार आहे? फोनवर आहे ना मी?"

"पानावरचा बाण उलटा आहे. या पलंगावर झोपलेला माणूस पाठीसकट खाली येईल."

नणंदेने फोन ठेवला. तिचं लक्ष आधी पानाकडे गेलं, मग पान धरलेल्या हाताकडे, आणि ते पान या हातात यायला नको होतं हे तिच्या चेहऱ्यावर उमटून गेलं. पण ती कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"हे होय. हा नमुना आहे. नुसता लोकांना कसा वाटतो बघायला टाकला होता."

"दोनशे चाळीस खोक्यांत?"

"तू मोजायला आलीस की काम घ्यायला? आणि बाण उलटा असेल तर तो काढला कोणी? मी?"

"मी. आणि सोबत लिहिलं होतं की तात्पुरता आहे."

"लिहिलं होतं! मला दिवसाला शंभर लोक लिहितात. कोणाला काही होत नाही. इतकी वर्षं पलंग विकतेय, माणसांना अक्कल असते, बाण बघून कोणी मरत नाही."

"मग झोपा," चित्रवाली म्हणाली.

"काय?"

"तुम्ही झोपा पलंगावर. मी पान वाचून तसंच करते."

दालनात चिकटपट्ट्यांचा आवाज थांबला. पॅकिंगच्या चार बाया होत्या, त्या चारही जणी अचानक खोक्यांवरची लेबलं फार लक्षपूर्वक वाचायला लागल्या. नणंद उठली. या बाईत दोष शंभर होते, पण माघार घेणं तिच्या हाडात नव्हतं. तिने चपला काढल्या, साऱ्या दालनासमोर पलंगावर चढली आणि वर उचललेल्या पाठीला राणीसारखी टेकून बसली.

"हं. कर तुझं नाटक."

चित्रवालीने आधी पाठीखाली दोन जाड गाद्या सरकवल्या. "मान सैल सोडा, ताई."

"शिकवू नकोस."

तिने सहावी पायरी मोठ्याने वाचली आणि खटका डावीकडे ओढला. धाडकन आवाज झाला. नणंद गाद्यांवर आदळली, पाय वर, चष्मा कपाळावर, आणि तोंडातून निघालेला शब्द असा की तो ऐकून खोक्यांमागून एक हुंदका आला. हुंदका नव्हता तो, हसू दाबलेलं होतं.

"लागलं का?" चित्रवालीने खरंच काळजीने विचारलं.

नणंद उठून बसली, चष्मा नाकावर आणला, केस नीट केले. "छोट्या, ड्रायव्हरला सांग, थांब म्हणावं." मग चपलेत पाय घालत, चित्रवालीकडे न बघता, "बस तिथे. बाण नीट कर. मागच्या गल्लीतला छापखाना तासाभरात पानं काढून देईल."

"करते. आधी दोन गोष्टी."

"आता काय?"

"बाण उलटा आहे हे मी फुकट सांगितलं, ते सांगायलाच हवं होतं. पण काढायचे पैसे पडतील. आणि आधीचा तिसरा हिस्सा आज, आत्ता."

नणंद हसली. हसण्यासारखं तोंडावर काही नव्हतं. "अच्छा. गाडी दारात उभी आहे बघून गळा धरतेस?"

"गळा नाही धरत. कागद धरतेय." तिने पिशवीतून कराराच्या दोन्ही प्रती काढल्या, वरचं 'चाकाची खुर्ची' खोडलं आणि पेनाने 'पलंगाचं पान, खटक्याची दुरुस्ती' असं लिहिलं. शेजारी आकडा घातला.

"एका बाणाचे एवढे? सोन्याचा आहे का?"

"नाही. बरोबर दिशेचा आहे."

"मी पेनाने करून घेईन सगळ्या पानांवर. चार बाया बसवते."

"बसवा. गेल्या साली एक लेबल तिरकं होतं म्हणून याच रुग्णालयाने निम्मा माल परत पाठवला होता. पेनाने खोडलेलं पान बघून काय करतील ते तुम्हाला जास्त माहीत."

नणंदेने कागद ओढून घेतला. एकेक ओळ वाचत गेली आणि एकेका ओळीवर तिचा आवाज चढत गेला. "फेऱ्या दोन? मी काय शाळेत आहे? सात दिवसांत कळवलं नाही तर स्वीकारलं? म्हणजे मी आजारी पडले तरी? वापरलं तर स्वीकारलं... हे माझ्यासाठीच लिहिलंय ना? घरच्या घरात असले कागद? लाज नाही वाटत?"

"घरच्या घरात?" चित्रवालीचाही आवाज आता गोडीत राहिला नव्हता. "सासूबाईंना पलंग दिलात, तुमच्या स्वतःच्या आईला. त्याचे पैसे छोट्याच्या पगारातून आठ महिने कापलेत. तेव्हा कुठे गेलं होतं घर?"

"ते वेगळं होतं. तो माल होता."

"हाही मालच आहे."

"माझ्या अंगणात वाढलीस आणि मलाच..."

"तुमच्या अंगणात नाही वाढले, ताई. लग्न होऊन आले तेव्हा तीस वर्षांची होते."

नणंदेचा चेहरा लाल झाला. मग एकदम शांत झाला, आणि चित्रवालीला ती शांतता जास्त भीतीची वाटली. "ठीक आहे. तुझी खोली, तुझा कागद, तुझा तोरा. पण एक लक्षात ठेव. या दालनात छोट्या उभा आहे तो माझ्यामुळे. उद्या मला पॅकिंगला दुसरा माणूस मिळू शकतो. चांगला. घरच्या माणसांच्या कटकटी नसलेला."

नवरा जवळच उभा होता. त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. चित्रवालीला वाटलं, आता हा म्हणेल, 'जाऊ दे ना, मिटव.' त्याने आयुष्यभर तेच केलं होतं. तो भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेलं माल पाठवण्याचं रजिस्टर काढून घेऊन आला आणि बहिणीसमोर उघडं ठेवलं.

"ताई, याआधी नव्वद गेलेत," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात. तीन ठिकाणी. त्यांच्यातही हीच पानं आहेत. मीच भरलीत. ते लोक पलंग जोडून बसले असतील. तारखा आहेत, माझ्या सह्या आहेत. नवीन माणूस आणलास तरी रजिस्टर हेच राहील."

"तू माझ्यावर चढतोस? तू?"

"चढत नाही. नव्वद लोकांना नवीन पान पाठवावं लागेल, एवढंच म्हणतोय. ते पान हिच्याशिवाय कोणाकडे नाही."

बाहेर ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. नणंद रजिस्टरमधल्या त्या तीन ओळींवर बोट ठेवून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, कदाचित ती गिऱ्हाइकांची नावं होती. पलंगावर कोण झोपलं असेल हे तिलाही कळत होतं. तिचा सगळा धंदा त्याच माणसावर उभा होता. तिने पेन घेतलं, दोन्ही प्रतींवर सही ठोकली आणि मोबाइल काढला. थोड्या वेळाने चित्रवालीच्या पिशवीतला फोन वाजला. तिसरा हिस्सा पूर्ण. दुरुस्तीचा निम्मा, करारात होता तसा.

"चाकाच्या खुर्चीचं काम मी दुसऱ्याला देणार आहे," नणंद म्हणाली. "आणि यापुढे घरी याल तेव्हा पाहुण्यासारखं या. फोन करून."

"येईन," चित्रवाली म्हणाली.

तिने लॅपटॉप पॅकिंगच्या टेबलावर उघडला. तीनदा उठून उशाशी जाऊन आली, खटका स्वतः ओढून पाहिला, मग बाण उजवीकडे नेला. नणंद मागे उभी. फिकट प्रत पडद्यावर आली, मधोमध तिरका शिक्का.

"बाण जरा जाड कर," नणंद म्हणाली.

चित्रवालीने जाड केला. "ही एक फेरी झाली."

नणंदेने पुन्हा तोंड उघडलं. काहीतरी होतं तिच्या मनात, रंगाबद्दल असावं. तिने तोंड मिटलं, उरलेली रक्कम पाठवली आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

पक्की प्रत मागच्या गल्लीतल्या छापखान्यात गेली तेव्हा एक वाजून गेला होता. चित्रवाली पिशवी घेऊन बाहेर पडली. फाटकापाशी थांबून तिने जुन्या साहेबांना लिहिलं, 'सोमवारी माझी वाट पाहू नका. आभार.' लगेच उत्तर आलं. 'बरं. जागा भरतो मग.' तिने ते दोनदा वाचलं. सोळा वर्षं, आणि चार शब्दांत जागा भरली. अडीच महिन्यांचं भाडं हातात होतं आणि काम एकही नव्हतं.

ट्रकवाला पायरीवर बसून डबा खात होता. "बाई, किती वेळ अजून?"

"दोनशे चाळीस खोकी उघडायचीत. जुनी पानं काढायची, नवीन घालायची, पुन्हा बंद करायची."

"माणसं किती?"

तिने वळून आत पाहिलं. शनिवारी पॅकिंगच्या बायांना एकला सुट्टी असायची. त्या चपला सरकवत बाहेर पडत होत्या. दालनात नवरा एकटा जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि पहिल्या खोक्याची चिकटपट्टी कापत होता. सकाळी स्वतःच लावलेली.

"एक," ती म्हणाली.

"मग झालं की आज," ट्रकवाला म्हणाला आणि डब्याकडे वळला.

ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. सहा आठवडे हा माणूस तिच्या शेजारी झोपला होता, आणि सकाळी उठून तिची पानं खोक्यात भरत होता. हे काही रजिस्टर उघडल्याने पुसलं जाणार नव्हतं. हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती आत गेली, पिशवी टेबलाखाली ठेवली, भिंतीवरची दुसरी सुरी काढली आणि त्याच्यासमोर बसली. काचेमागून नणंद बघत होती. बघू दे.

दोघांनी दहा-बारा खोकी उघडली. मग त्याने खाली बघतच विचारलं, "याचेही पैसे लावलेत का?"

"लावलेत."

"ताईला?"

"तुला."

त्याने मान डोलावली, बराच वेळ डोलावत राहिला, आणि पुढचं खोकं तिच्याकडे सरकवलं.